कितव्या महिन्याचं दूध

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा आला की बाकीचे कपाकडे हात करायचे आणि मेश्राम मॅडम चहावाल्याकडे बघायच्या. "नामदेवभाऊ, गाय कधी व्याली?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. नामदेवभाऊ बिचारा पिशवीतलं दूध आणायचा, त्याला गाय कुठली ठाऊक असणार? पण 'माहीत नाही' हे उत्तर या बाईंना चालत नाही हे त्याला लवकरच कळलं होतं, म्हणून तो ठोकून द्यायचा, "झाले असतीन बाई चार-पाच महिने." मॅडम क्षणभर मनाशी काहीतरी जुळवायच्या आणि समाधानाने कप उचलायच्या. एकदा मी न राहवून म्हटलं, की अहो, पिशवीत गावभरच्या गाईंचं दूध एक झालेलं असतं, तुम्ही महिना कुणाचा धरता? त्या हसल्या. हसताना डावा हात तोंडावर न्यायची त्यांची सवय होती. "ते मला समजते हो सर," म्हणाल्या. "पण विचारलं नाही तर मीच विसरून जाईन. पहिल्या दिवसाचं दूध असते, सहाव्या महिन्याचं दूध असते. नुसतं दूध कुठीच नसते."

आता असं बोलणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी त्यांना पहिले काही महिने सरळ चक्रम समजत होतो. वनमाला मेश्राम, प्राणिशास्त्र विभाग, एकट्या राहतात, चंद्रपूरच्या उन्हातही पायी येतात, एवढीच माहिती. पहिली गाठ पडली तीही भांडणानेच. मी भूगोलाचा माणूस, मूळचा चामोर्शीचा, आणि नकाशांच्या बाबतीत पक्का कंजूष. माझ्या विभागातला नकाशा वर्गाबाहेर गेलेला मला खपत नाही. तर ही नवीन आलेली बाई दारात उभी राहून ऑस्ट्रेलियाचा नकाशा मागत होती. मी कपाळाला आठी घालून विचारलं, प्राणिशास्त्राला ऑस्ट्रेलिया कशाला? "मी तिथे संशोधनाला होते," त्या म्हणाल्या. मी आयुष्यभर जो खंड खडूने काढून शिकवला तिथे ही बाई राहून आलेली, हे ऐकून मला बरं वाटलं नाही हे कबूल करतो. मी नकाशा उलगडला आणि परीक्षा घेतल्यासारखं म्हटलं, दाखवा बरं कुठे. त्यांनी दक्षिणेच्या किनाऱ्याजवळ बोट ठेवलं. "इथे. इथे मी दूध काढायची."

"गाईंचं?"

"नाही, वॉलाबीचं. कांगारूची धाकटी बहीण समजा."

कांगारूच्या बहिणीचं दूध काढणारी बाई आमच्या झाडीपट्टीत दुसरी नसणार. नकाशा दिला मी त्यांना. वर्गात काय सांगतात ते ऐकायला मागच्या बाकावर जाऊनही बसलो. आणि खरं सांगतो, त्या तासाला मी माझा पुढचा तास विसरलो. मॅडम सांगत होत्या की कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा मोहाच्या फुलाएवढं असतं. गडचिरोलीकडची पोरं एकदम सावरून बसली, कारण मोहाचं फूल त्यांच्या बोटांना माहीत होतं. डोळे नाहीत, कान नाहीत, हाडं तर नावालाच. तसंच ते आईच्या अंगावरून सरपटत पिशवीत शिरतं आणि एक आचळ तोंडात धरतं. त्याचं खरं गर्भपण इथून पुढे सुरू होतं. आपल्या बाळाला पोटात नाळेतून जे मिळतं ते याला दुधातून मिळायचं असतं. म्हणून सुरुवातीचं दूध पातळ, पण त्यात लोह आणि तांबं भरपूर. पिल्लू वाढलं, हाडं धरायला लागली, की दुधात कॅल्शियम चढत जातं. पिल्लू बाहेर डोकावून गवत खायला लागलं की लोह उतरतं. "आधी रक्ताची सोय, मग हाडाची," मॅडम म्हणाल्या. "आणि हे पिल्लू मागते म्हणून होत नाही. आईच्या अंगात घड्याळ असते."

मग त्यांनी फळ्यावर दोन आचळं काढली. कांगारूची आई मोठं पिल्लू पिशवीबाहेर पडल्यावर नवं पिल्लू जन्माला घालते, पण मोठं अजून डोकं आत घालून पीतच असतं. अशा वेळी एका आचळातून धाकट्याचं पातळ दूध येतं आणि शेजारच्याच आचळातून थोरल्याचं घट्ट, हाडाचं दूध. एकच आई, एकाच वेळी दोन दुधं. एका मुलीने विचारलं, कोणतं कोणाचं हे आईला कसं कळतं? मॅडम फळ्याकडे बघतच म्हणाल्या, "कळायची गरज नाही. प्रत्येक पिल्लू आपली बाजू धरून असते. कोणी कोणाचं पीत नाही." एवढं बोलून त्यांनी फळा पुसला आणि तास संपायच्या आधीच वर्ग सोडला. पोरांनी त्यांचं नाव 'कांगारू मॅडम' ठेवलं ते त्या दिवसापासून, आणि त्यांनी ते हरकत न घेता घेतलं.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक छोटी भट्टी होती. मॅडम त्यात दूध जाळायच्या. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, कुठून कुठून आणलेलं. आधी आटवायच्या, तेव्हा अख्ख्या मजल्यावर खव्याचा वास सुटायचा आणि पोरांना भूक लागायची. प्राचार्यांकडे तक्रार गेली होती की प्राणिशास्त्रात पेढे करतात. मग ते आटलेलं भट्टीत जाऊन काळं व्हायचं, आणि शेवटी बशीच्या तळाशी चिमूटभर पांढरी राख उरायची. मला हौसेने बोलावून दाखवलं होतं त्यांनी. मी म्हटलं, एवढ्या दुधाचं एवढंसंच? "पाणी उडालं, साखर गेली, लोणी गेलं, ममता गेली," त्या म्हणाल्या. "जे जळत नाही ते हे. याचीच हाडं होतात सर." त्या राखेतून त्या कॅल्शियम, फॉस्फरस, लोह सगळं मोजून काढायच्या, आणि कुठल्या जनावराच्या कितव्या महिन्याला काय निघतं ते भिंतीवर रेघांनी काढून ठेवायच्या.

मी चौकस माणूस. म्हटलं, बाई, दूध पिऊन सगळं जग मोठं होतं, पण त्याची राख करायचं तुमच्या डोक्यात आलं कुठून? त्या थोडा वेळ बशी पुसत राहिल्या. मग जे सांगितलं ते इतकं सरळ सांगितलं की मला कुठे बघावं ते कळेना.

मॅडमचं गाव गोंडपिपरीकडे, रस्त्यापासून आत. त्या जन्मल्या आणि त्यांची आई गेली. बापाच्या थोरल्या भावाची बायको, जिला त्या मोठी माय म्हणत, तिने पोर पदराखाली घेतली. मोठ्या मायचा स्वतःचा पोरगा देवराव तेव्हा चालता-बोलता झालेला, पण अजून अंगावर पिणारा. दोघांना पुरेल एवढं दूध नव्हतं. खाणारीच्याच पोटात काही नसे, तर येणार कुठून? तेव्हा तिने आमच्याकडे बाया पोर अंगावरून तोडायला करतात तेच केलं, पण अर्धंच. कडुलिंबाचा पाला वाटून एका बाजूला लावला. ती बाजू देवरावची. दुसरी स्वच्छ बाजू तान्हीची. देवराव आपल्या बाजूला यायचा, तोंड कडू व्हायचं, रडायचा, आणि अंगणासमोरच्या नव्या बोअरिंगच्या, म्हणजे हातपंपाच्या, पाण्याने चूळ भरून तेच पाणी पिऊन खेळायला जायचा. असं करून करून तो तुटला. पुढे शाळेच्या वयात त्याचे पाय वाकायला लागले. गुडघे एकमेकांवर घासायचे आणि पावलं लांब लांब पडायची. गावातल्या बायांनी निकाल देऊन टाकला. बोअरिंगवर पाणी भरताना त्या लहान वनमालाकडे बोट करून म्हणायच्या, हिनं भावाच्या हाडातलं दूध पेलं.

"मी तेव्हा शब्दांचे तुकडे जोडून वाचत होते सर, पण हे वाक्य मले अख्खं समजलं," त्या म्हणाल्या. मनातलं बोलताना त्यांची भाषा गावाकडे वळायची. "मंग मी चंद्रपूरच्या वसतिगृहात आली, शिकली, दूधच शिकली. ते कांगारूचं वाचलं तेव्हा वाटलं, माही मोठी माय कांगारू असती तर दोघांचंही भागलं असतं. मले एकच गोष्ट माहीत करून घ्यायची आहे. दादाचे पाय मी नेले का?"

मी काहीतरी पुळचट बोललो असेन, की असं कुठे असतं का वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यानंतर त्या चहावाल्याला 'गाय कधी व्याली' विचारायच्या तेव्हा मी हसणं बंद केलं.

त्या गावी मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेलो तो चीक आणायला. देवरावदादाच्या शेजाऱ्याची गाय व्यायली होती आणि मॅडमना पहिल्या दिवसाचं दूध हवं होतं. एस.टी.तून उतरून चालत निघालो तर यांच्या पिशवीत बाटल्याच बाटल्या, आणि एक मोठा कॅन पाण्याचा. मी म्हटलं, गावात पाणी नाही का? त्यांनी समजावलं, की हे कॉलेजात गाळून आणलेलं शुद्ध पाणी. बाटल्या याने धुवायच्या. गावच्या पाण्यात क्षार असतात, त्याचा थेंब जरी लागला तरी दुधातले क्षार चुकीचे मोजले जातात. गावचं पाणी त्या नमुन्याला लागू द्यायच्या नाहीत. तो कॅन मी उचलून नेला, खांदा दुखेपर्यंत, आणि शास्त्राची केवढी काळजी म्हणून मनात वाखाणलं. दैव कसं थट्टा करतं बघा.

देवरावदादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान बोअरिंगला लागूनच. जमिनीवर बसून काम करणारा, खांदे पहिलवानासारखे, आणि खाली ते पाय. आम्हाला बघताच त्याने हातातली ट्यूब बाजूला फेकली आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आली का चोट्टी?" मी दचकलो. चोट्टी म्हणजे चोर. मॅडम मात्र हात तोंडावर नेऊन हसत होत्या. नंतर कळलं, त्याने बहिणीला लहानपणापासून दुसऱ्या नावाने हाक मारलेलीच नव्हती. दुधावरून तिला चिडवायचं त्याचं हे लाडाचं नाव, आणि तो ते इतक्या मायेने म्हणायचा की ऐकणाऱ्यालाही गोड लागावं. पण प्रत्येक हाकेला मॅडम हसायच्या आधी किंचित थांबतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. दादाला ते कधी दिसलं नसावं. त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि बहिणीची कीर्ती सांगितली, "सर, हे तिकडं उड्या मारनाऱ्या जनावराचं दूध काढून आली. आपल्याकडं मारकी म्हैस दोहताना मानसाले घाम येते."

त्यानंतर कितीतरी वेळा गेलो आम्ही. गाईचं दूध, शेळीचं दूध, तान्ह्या पोरांच्या आयांनी संकोचत वाटीत काढून दिलेलं दूध. सगळं भट्टीत गेलं, सगळ्याची राख झाली, आणि राख बोलेना. गावच्या दुधात कॅल्शियम जसं हवं तसं होतं. चंद्रपूरच्या दुधात जेवढं तेवढंच. आयांच्या दुधात पहिल्या महिन्याला असायला हवं ते होतं, दुसऱ्या वर्षाला असायला हवं तेही होतं. मॅडम हैराण झाल्या. दुधात काही कमी नाही, मग हाडं कुठे गेली? गावात देवरावच्या वयाचे आणखीही काही जण पाय ओढत चालतात हे त्या बघत होत्या, मीही बघत होतो. पण ज्या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या अंगावर लहानपणीच फेकलेलं असतं तो प्रश्न माणूस पुन्हा मोकळेपणाने विचारू शकत नाही. त्या दूधच तपासत राहिल्या.

मग एक दिवस आम्ही चौकात पोचलो तर बोअरिंग लालभडक. दांड्यापासून तोटीपर्यंत ताजा तेलरंग. मॅडम थबकल्या. दादा दुकानातून ओरडला, "पाह्यलं का? तालुक्याचे लोक आले, पानी बाटलीत भरून नेलं, मंग येऊन रंग मारून गेले. पेऊ नोका म्हनतेत. रंग बदलला, पानी तेच हाय." आणि खरंच, एक बाई त्या लाल पंपावर निवांत घागर भरत होती. मॅडम तिच्याकडे गेल्या. घागरीकडे पाहिलं नाही, तिच्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं. त्याचं तोंड हलकेच उघडून दात बघितले. मग दादाकडे येऊन म्हणाल्या, दादा, आ कर. दादाने भाबडेपणाने आ केला. दातांवर तपकिरी पट्टे. इतकी वर्षं मी ते तंबाखूच्या खऱ्ऱ्याचे समजत होतो. मॅडमनी रिकामी बाटली काढली, पंप हापसला आणि ज्या पाण्याचा थेंब कधी बाटलीला लागू दिला नव्हता ते पाणी काठोकाठ भरून घेतलं.

परतीच्या एस.टी.त त्या हसत होत्या. पहिल्यांदा हात तोंडावर न नेता. तेव्हा मला त्यांचेही दात दिसले, तेच पट्टे, जरा फिके. "फ्लोराईड सर, फ्लोराईड," त्या मला खिडकीशी कोंबून सांगत होत्या. जमिनीतल्या खडकातून पाण्यात येतं. थोडं असलं तर चालतं, जास्त असलं तर दात रंगतात, आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडांना धरतं. वाढत्या पोरांचे पाय वाकवतं. कुठल्याही पुस्तकात आहे हे. आणि मी दूध जाळत बसले! मी म्हटलं, मी तर भूगोलवाला, खडक आणि पाणी हाच माझा धंदा, मी काय केलं? स्टुलावर बसून त्याच पाण्याचा चहा पीत राहिलो. दोघेही शाळकरी पोरांसारखे हसलो. वसतिगृहात आल्यामुळे मॅडम दातांवर सुटल्या होत्या, दादा गावातच राहिला आणि पीत राहिला. दुधाचा काही संबंध नव्हता. त्यांनी पाय नेले नव्हते.

कोठारीचा थांबा गेला तसं त्यांचं बोलणं थांबलं. बल्लारपूरच्या आधी मी वळून पाहिलं तर हात पुन्हा तोंडावर होता, आणि त्या हसत नव्हत्या.

"सर, दूध ते अडवते," त्या म्हणाल्या.

मला समजलं नाही. त्यांनी हळूहळू सांगितलं. आई ते पाणी कितीही प्यायली तरी तिच्या दुधात फ्लोराईड जवळजवळ उतरत नाही. बाकी सगळे क्षार दूध मोजून-मापून आत घेतं, याला दाराशीच थांबवतं. म्हणजे पोर जोवर अंगावर पितं तोवर त्या पाण्यापासून वाचलेलं असतं. आणि दादाच्या तोंडचं दूध सुटलं ते कोणामुळे? लिंब लावलेली बाजू सोडून तो चूळ भरायला कुठे जात होता? "म्हणजे त्या बाया चुकल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "कारण चुकीचं सांगत होत्या, एवढंच." मी सगळी शहाणपणाची पुंजी काढून म्हटलं, की काही महिने आधी तुटल्याने पाय वाकत नाहीत, वर्षानुवर्षांचं पाणी आहे ते. त्या म्हणाल्या, तेही बरोबर आहे, विचारलं तर मीही हेच उत्तर लिहीन. आणि चंद्रपूर येईपर्यंत पाण्याची ती बाटली मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसल्या.

बाटलीतल्या पाण्याने त्यांचं म्हणणं खरं केलं. आता दादाला सांगायचं होतं. मॅडम मला म्हणाल्या, तुम्ही चला, मी एकटी गेले तर अर्धंच सांगून येईन. दादा एका डुगडुगत्या चाकाचा आऊट काढत बसला होता. मॅडम त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. पाण्याचं सांगितलं, आणि मग न थांबता दुधाचंही सांगितलं. दूध तुला वाचवत होतं आणि ते माझ्यामुळे सुटलं, हे वाक्य त्यांनी खाली बघून म्हटलं. दादाने चाक फिरवलं, ते डुगडुगत नाही याची खात्री केली, आणि मग विचारलं, "मी किती दिस आनखीन पेलो असतो?"

"वर्षभर. फार तर."

"अन् पानी किती साल पेलो?"

मॅडमची नजर त्याच्या पायांवर गेली.

"मंग? तो तुकाराम तं पाच वर्षाचा होऊन मायच्या मांडीवर पेत होता, त्याचे पाय पाह्य जाऊन. माह्याहून वाकडे हायत." दादाने चाक भिंतीला टेकवलं. मग त्याचा चेहरा जरा गंभीर झाला आणि तो म्हणाला, "तुले हे इतके साल लागून राह्यलं होतं? मी तं मजाक करत होतो, वनमाला."

झालं, मॅडम रडायला लागल्या. इतकं सांगताना डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि आता पदर तोंडाला. दादा घाबरला, माझ्याकडे बघायला लागला. शेवटी हुंदक्यांतून त्या म्हणाल्या, "तू मले चोट्टी काऊन नाई म्हणून राह्यला?"

"चोरी झालीच नाई, तं चोट्टी कशी म्हनू?"

"म्हण तरी."

दादाने वंगणाचे हात फडक्याला पुसले, तिच्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाला, "उठ चोट्टे, चहा मांड." त्या उठल्या. चहाचं पाणी दुसऱ्या वॉर्डातल्या विहिरीवरून आणलं मी स्वतः, कारण त्या घरात त्या दिवसापासून लाल पंपाचं पाणी बंद झालं.

दादाने पुढे जे केलं ते कुठल्या खात्याला जमलं नसतं. त्याचं दुकान पंपाला लागूनच होतं. कोणी घागर घेऊन लाल पंपाकडे वळलं की तो आतून ओरडायचा, "थांब बाई, पयले इकडं ये, माहे पाय पाह्य, मंग भर." बाया लाजायच्या, शिव्या द्यायच्या, आणि विहिरीकडे वळायच्या. मॅडम महिन्यातून एकदा येऊन आयांना गोळा करायच्या. पोराला घाईने तोडू नका, आणि तोडाल तेव्हा पाणी कुठलं देता ते बघा, एवढंच सांगायच्या. मध्येच कांगारू यायचा. पिशवीतलं पिल्लू मोहाच्या फुलाएवढं असतं हे ऐकायला बाया पुन्हा पुन्हा यायच्या, हे मी पाहिलंय. पुढे नळ आला. मग दादाने पंपाचा दांडाच काढून दुकानात ठेवला आणि मागायला येणाऱ्याला म्हणायचा, दुरुस्तीले आला आहे.

मॅडम मागच्या वर्षी गेल्या. पोटाचा आजार, नागपूरला नेलं, हातात फार वेळ नव्हता. भेटायला गेलो तर नर्सला विचारत होत्या, की दुधाची गाय कधी व्याली. मी हसलो आणि मग बाहेर येऊन भिंतीशी उभा राहिलो. निवृत्त झाल्यावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा मी त्यांनाच देणार होतो. राहून गेलं.

त्यांना गावीच न्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकाठी राख सावडायला आम्ही थोडेच जण होतो. दादाला उकिडवं बसता येत नाही. तो सरळ जमिनीवर बसला, वाकडे पाय एका बाजूला टाकून, आणि राखेत हात घातला. "माहा नंबर होता, सर," तो खाली बघत म्हणाला. "मी मोठा. इथीही चोट्टी मधातच घुसली." तो बोटांनी राख चाळत होता, सायकलचे छर्रे वेचावे तसा एकेक अस्थी वेचून मडक्यात टाकत होता. मग एक जरा मोठं हाड हाती लागलं. त्याने ते सदऱ्याला पुसलं, उजेडात धरलं, बोटांनी दाबून पाहिलं. पांढरं, सरळ हाड. ते त्याने तळहातावर ठेवून माझ्यापुढे केलं. कित्येक वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर मी अभिमान पाहिला.

"पाहा सर, कसं पक्कं हाय," तो म्हणाला. "माह्या मायचं दूध होय ते."